इंग्रजीचे वर्तमानकाळ शिकवताना: कोकणातल्या शिक्षकांचे नेहमीचे प्रश्न

मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवणारे, गावात संध्याकाळी स्पोकन इंग्लिशचे वर्ग घेणारे आणि घरगुती निवास चालवणाऱ्यांना पाहुण्यांशी बोलतं करू पाहणारे, अशा सगळ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे घेतले आहेत. उदाहरणं मुद्दाम इथलीच आहेत. लंडनमधल्या बर्फाची उदाहरणं पाठ्यपुस्तकांत पुष्कळ मिळतात, पण आपल्या पोरांनी बर्फ पाहिलेला असतो तो मासळीच्या पेटीतला.

वर्तमानकाळ चार आहेत. सुरुवात कुठल्यापासून करायची?

साधा आणि चालू, हे दोन एकदम घ्या. जूनमध्ये साधा, दिवाळीनंतर चालू, असं केलं की पहिला पक्का व्हायच्या आत विसरला जातो आणि दुसरा आल्यावर पोरं सगळीकडे "आयएनजी" चिकटवत सुटतात. फरक कळतो तो दोन वाक्यं शेजारी ठेवल्यावर.

मालवणच्या जेटीवर सिंधुदुर्ग किल्ल्यात जायला पर्यटक उभे असतात. एक विचारतो, "डझ द बोट गो टू द फोर्ट?" म्हणजे ही होडी किल्ल्यावर जाणारी आहे ना, की दुसरीकडची? दुसरा विचारतो, "इज द बोट गोइंग टू द फोर्ट?" त्याला वारा दिसतोय, लाटा दिसतायत, आज होडी सुटणार का ही त्याची चिंता आहे. पहिल्याला "येस" आणि दुसऱ्याला "नो" ही दोन्ही उत्तरं एकाच वेळी खरी असू शकतात. वर्गात हे वाक्य फळ्यावर लिहून विचारा: एकाच होडीबद्दल "हो" आणि "नाही" दोन्ही कसं? पोरं स्वतःच उत्तर काढतात. मग व्याख्येची गरज फारशी उरत नाही.

मराठीतही "जातो" आणि "जात आहे" असा फरक आहेच. मग चूक होते कुठे?

फरक आहे, पण तो सगळीकडे पाळला जात नाही. जिथे पाळला जात नाही, नेमकी तिथेच चूक होते. "कोकणात पाऊस फार पडतो" आणि "बाहेर पाऊस पडतोय" यांत कुणी घोटाळा करत नाही, म्हणून पहिलं उदाहरण पावसाचंच द्यावं. "इट रेन्स अ लॉट इन कोकण." "इट इज रेनिंग." दोन मिनिटांत बसतं.

आता "काय करतोस?" घ्या. बरेच दिवसांनी भेटलेला मामा विचारतो तेव्हा तो नोकरीधंद्याबद्दल असतो. आई स्वयंपाकघरातून ओरडते तेव्हा आत्ता हातात काय आहे याबद्दल असतो. मराठीत रूप एकच. इंग्रजीत पहिलं "वॉट डू यू डू?" आणि दुसरं "वॉट आर यू डूइंग?" तारकर्लीच्या किनाऱ्यावर एखाद्या पाहुण्यानं "वॉट डू यू डू?" विचारलं की आपला मुलगा "आय अ‍ॅम स्टँडिंग" म्हणून मोकळा होतो. पाहुणा हसतो, मुलगा गोंधळतो, आणि पुढच्या वेळी तोंडच उघडत नाही.

यावर माझा एकच उपाय आहे: वाक्य इंग्रजीत न्यायच्या आधी मराठीतच विचारून घ्यायचं, "एरवी की सध्या?" एरवी असेल तर साधा, सध्या असेल तर चालू. हे दोन शब्द प्रत्येकाच्या तोंडात असतात, त्यामुळे व्याकरणाची परिभाषा न आणता काम होतं.

"तोय-तेय-तंय" दिसलं की "आयएनजी" लावा, असं आम्ही सांगतो. चालेल?

पुण्यात चालेल. सिंधुदुर्गात जपून. मालवणीत "मी रोज बाजारात जातंय" आणि "मी आता बाजारात जातंय" या दोन्ही वाक्यांत रूप तेच असतं. घरी मालवणी बोलणारं पोर "तंय" ऐकून "आय अ‍ॅम गोइंग टू मार्केट एव्हरी डे" म्हणणार, आणि तुम्हीच दिलेल्या नियमानं ते बरोबर असणार. अशा वर्गात खूण क्रियापदात शोधू नका, "रोज" आणि "आता" मध्ये शोधा. आणि हो, मालवणीत वाक्य घेऊन त्यावरून इंग्रजीकडे जायला काहीच हरकत नाही. काही शिक्षकांना ते कमीपणाचं वाटतं. मला वर्ग त्यामुळे लवकर सैल झालेला दिसतो.

"आत्ता या क्षणी चाललेलं ते चालू वर्तमानकाळ" ही व्याख्या पुरेशी आहे का?

नाही. पाठ्यपुस्तकातल्या चित्रांमुळे हा समज होतो: मुलगी दोरीवरच्या उड्या मारते आहे, मुलगा आंबा खातो आहे. प्रत्यक्षात चालू वर्तमानकाळाचा पसारा "सध्या" एवढा मोठा आहे. गुहागरचा मुलगा कॉलेजसाठी चिपळूणला मामाकडे राहत असेल तर तो म्हणेल, "आय लिव्ह इन गुहागर, बट आय अ‍ॅम स्टेइंग विथ माय अंकल इन चिपळूण." हे म्हणताना तो बसस्टँडवर उभा असला तरी वाक्य बरोबरच.

कोकणात या फरकाला उदाहरणांचा तोटा नाही, कारण आपल्याकडे बऱ्याच गोष्टी ऋतूवर चालतात. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते. ती दरवर्षीची आहे, म्हणून "द ट्रॉलर्स डोन्ट गो आउट इन जून अँड जुलै." आता समजा नोव्हेंबर आहे, बंदी नाही, पण समुद्र खवळलाय. तेव्हा "द ट्रॉलर्स आर नॉट गोइंग आउट टुडे." नौका दोन्ही वेळा बंदरातच, पण पहिल्या वाक्यात कायदा बोलतोय आणि दुसऱ्यात हवामान. हर्णै किंवा मिरकरवाड्याच्या आसपासच्या शाळेत हे उदाहरण दिलंत तर पोरं पुढची दहा वाक्यं स्वतः करतात, आणि बंदीबद्दल तुम्हालाच चार गोष्टी शिकवतात.

रेल्वेचंही तसंच. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक जूनमध्ये सुरू होऊन ऑक्टोबरपर्यंत चालतं आणि त्या काळात गाड्या सावकाश चालवतात. "ट्रेन्स रन स्लोअर इन द मॉन्सून" हा दरवर्षीचा शिरस्ता, म्हणून साधा. पण "अवर ट्रेन इज रनिंग लेट" हे आजचं दुखणं. आंब्याचं वाक्य बागायतदारांच्या मुलांसाठी: "मँगो ट्रीज फ्लॉवर इन विंटर", पण "अवर ट्रीज आर फ्लॉवरिंग लेट धिस इयर."

इथे एक हुशार मुलगी हमखास विचारते: पावसाळा तर कायमचा नसतो, तात्पुरताच असतो, मग साधा का? तिला सांगा की गोष्ट किती दिवस टिकते हे बघायचं नाही, ती ठरलेली आहे की यंदापुरती, आजपुरती आहे, हे बघायचं.

"आय अ‍ॅम नोइंग", "आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स" कसं घालवायचं?

काही क्रियापदं कृती दाखवत नाहीत, स्थिती दाखवतात: नो, वाँट, नीड, लाइक, बिलीव्ह, ओन, बिलाँग, अंडरस्टँड. त्यांना "आयएनजी" सहसा लागत नाही. ही यादी सगळे शिक्षक देतात. पण ही चूक येते कुठून ते बघितलं पाहिजे, कारण त्यात मराठीचा मोठा वाटा आहे. आपण सर्रास म्हणतो: "मला समजत नाहीये", "मला आठवत नाहीये", "मला पटत नाहीये". मराठीत हे चालू वर्तमानकाळाचं रूप अगदी नैसर्गिक आहे, म्हणून "आय अ‍ॅम नॉट अंडरस्टँडिंग", "आय अ‍ॅम नॉट रिमेंबरिंग" आपोआप तोंडात येतं. इंग्रजीत "आय डोन्ट अंडरस्टँड", "आय डोन्ट रिमेंबर". "ऐकू येत नाहीये" ला तर वेगळीच वाट आहे: "आय कान्ट हिअर यू." गंमत म्हणजे "मला बरं वाटत नाहीये" ला "आय अ‍ॅम नॉट फीलिंग वेल" अगदी बरोबर. फील दोन्हीकडे चालतं.

वर्गात तपासायची सोपी युक्ती: ही गोष्ट फोटोत दिसेल का? पोहणं दिसेल, जाळं विणणं दिसेल. "माहीत असणं" फोटोत दिसत नाही, "मालकीचं असणं" दिसत नाही. न दिसणाऱ्याला "आयएनजी" नको. युक्ती शंभर टक्के चालत नाही ("आय अ‍ॅम थिंकिंग अबाउट इट" चालतं, आणि विचार काही फोटोत दिसत नाही), पण सुरुवातीला पुरते.

हॅव ला दोन बाजू आहेत. भाऊ, जमीन, होडी, ताप असेल तर "आय हॅव". जेवण, चहा, अंघोळ, मजा चालली असेल तर "आय अ‍ॅम हॅविंग". टेस्ट चंही तसंच, आणि ते स्वयंपाकघरात उभं राहून शिकवावं: "द सोलकढी टेस्ट्स सॉल्टी" ही सोलकढीची स्थिती, "आई इज टेस्टिंग द सोलकढी" ही आईची कृती.

बाकी "आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स" भारतभर बोललं जातं आणि सगळ्यांना समजतं. परीक्षेत गुण जातात म्हणून सुधारा, पण त्यावरून कुणाला वर्गात उभं करून लाजवू नका.

"ही गो", "शी वर्क"… तिसऱ्या पुरुषाचा "एस" का विसरतात? मराठीत तर प्रत्येक रूपाला प्रत्यय आहे.

त्यामुळेच. मराठीत जातो, जाते, जातोस, जातेस, जातात असं सगळंच बदलतं, म्हणून बदलाकडे लक्ष राहतं. इंग्रजीत आय, यू, वुई, दे सगळीकडे "गो", आणि एकट्या ही-शी-इट लाच शेपूट. चार वेळा काही नाही म्हटल्यावर पाचव्या वेळी लक्षात राहत नाही. समजून नव्हे तर तोंडात बसूनच हे येतं, तेव्हा लिहिण्याआधी बोलून घ्या.

उच्चार तीन आहेत. वर्क्स, कुक्स, स्लीप्स मध्ये "स्". गोझ, सेल्झ, रन्झ मध्ये "झ्". कॅचिझ, वॉशिझ, क्लोझिझ मध्ये पूर्ण "इझ". पहिल्या दोनांतला फरक कुणी पाळला नाही तरी संवाद अडत नाही, मी तिथे वेळ घालवत नाही. तिसरा मात्र धरून बसा, कारण "ही कॅच फिश" आणि "ही कॅचिझ फिश" यांत एक पूर्ण अक्षर कमी-जास्त होतं आणि ते कानाला खटकतं.

कच्च्या वर्गासाठी एक तात्पुरता आधार: "एस" एकतर नामाला, नाहीतर क्रियापदाला. "द बोट गोझ", "द बोट्स गो." "द बॉय स्विम्स", "द बॉइज स्विम." मेन, विमेन, चिल्ड्रन आले की हा आधार कोसळतो, पण तोवर सवय लागलेली असते.

प्रश्न आणि नकारात "एस" डझ मध्ये जातो आणि क्रियापद मोकळं होतं. "डझ ही गो", "ही डझन्ट गो". "डझ ही गोझ" ऐकलंत तर एवढंच म्हणा: "एस एकदाच."

"आय अ‍ॅम गो", "आय अ‍ॅम अग्री" हे कुठून येतं?

पहिल्या दिवसापासून "आय अ‍ॅम अमुक, आय अ‍ॅम फ्रॉम तमुक" घोकून घेतल्यामुळे "आयॅम" हा पोरांना एकच शब्द वाटतो. पहिल्याच आठवड्यात "आय लिव्ह", "आय लाइक", "आय प्ले" शेजारी आणा. अग्री च्या बाबतीत "मी सहमत आहे" मधला "आहे" सुद्धा आडवा येतो.

"यू आर गोइंग का?" असे प्रश्न विचारतात.

मराठीत वाक्य तसंच ठेवून शेवटी "का" लावला की प्रश्न होतो. इंग्रजीत कुणीतरी उठून पुढे यावं लागतं. चालू काळात अ‍ॅम-इज-आर पुढे येतात, साध्या काळात पुढे यायला कुणी नसतं म्हणून डू-डझ ला बोलावतात. खेळवून घ्या: एकाला जेटीवरचा तिकीटवाला करा, बाकीचे पर्यटक. प्रश्नाचा क्रम चुकला की तिकीट नाही. तिकीटवाला सगळ्यात कडक मुलाला करा, तुम्हाला काही करावं लागत नाही.

"हॅव गॉन" म्हणजे आपलं "गेलोय" ना? मग ते सोपंच आहे.

अर्ध सोपं आहे. "मी जेवलोय" ला "आय हॅव ईटन", "पाहुणे आलेत" ला "द गेस्ट्स हॅव अराइव्हड" चपखल बसतं. एक जागा तर अशी आहे की मराठी माणसाला इंग्रजी फुकटात मिळतं. "बाबा मुंबईला गेलेत" म्हणजे ते अजून तिथेच आहेत: "ही हॅज गॉन टू मुंबई." "बाबा मुंबईला जाऊन आलेत" म्हणजे परतले: "ही हॅज बीन टू मुंबई." अनेकांना गॉन आणि बीन चा फरक शिकायला फार वेळ लागतो. आपल्याकडे घराघरात मुंबईला गेलेलं आणि गणपतीला आलेलं कुणीतरी असतंच, पोरांना तो लगेच कळतो.

घसरण दोन ठिकाणी आहे. पहिली, "मी कालच आलोय." मराठीत निर्धास्त चालतं. इंग्रजीत संपलेली वेळ सांगितली की हॅव गेला: "आय केम यस्टर्डे." काल, गेल्या वर्षी, २०१९ साली, दोन दिवसांपूर्वी, यांपैकी काहीही आलं की सरळ भूतकाळ. वेळ सांगायची नसेल, किंवा "आजवर" असा हिशेब असेल, तरच हॅव.

दुसरी घसरण फार कमी जण शिकवतात. "आजोबा झोपलेत", "मांजर कट्ट्यावर बसलंय", "तिनं निळी साडी नेसलीय." मराठी रूप पूर्ण काळाचं, पण अर्थ सध्याच्या स्थितीचा. इंग्रजीत इथे चालू काळ लागतो: "इज स्लीपिंग", "इज सिटिंग", "इज वेअरिंग". चित्रवर्णनात "द कॅट हॅज सॅट" लिहिणारी मुलं भाषांतर करतायत आणि त्यांच्या परीनं ते बरोबरच करतायत. बसणं, झोपणं, उभं राहणं, घालणं, नेसणं, लटकणं एवढ्या क्रियापदांची जोडयादी भिंतीवर लावून ठेवा.

"सिन्स" आणि "फॉर"?

"मी दहा वर्षांपासून इथे राहतोय" मधून "आय अ‍ॅम लिव्हिंग हिअर सिन्स टेन इयर्स" तयार होतं आणि त्यात दोन चुका असतात. मराठीत सुरुवातीलाही "पासून" आणि कालावधीलाही "पासून". इंग्रजीत कॅलेंडरवर बोट ठेवता येईल असा क्षण असेल तर सिन्स, मोजून सांगितलेला काळ असेल तर फॉर. कोकण रेल्वेचा पूर्ण मार्ग २६ जानेवारी १९९८ ला सुरू झाला, म्हणून "ट्रेन्स हॅव रन ऑन द होल रूट सिन्स १९९८", किंवा "फॉर मोअर दॅन ट्वेंटी-फाइव्ह इयर्स". दुसरी चूक काळाची: तेव्हापासून आजवर चाललंय, म्हणून "आय हॅव बीन लिव्हिंग हिअर फॉर टेन इयर्स." चौथा वर्तमानकाळ म्हणतात तो हाच, आणि त्याला वेगळा धडा लागत नाही.

"मी उद्या जातो", "मी करतो", "आलोच": यांचं काय करायचं?

ठरलेला बेत असेल तर चालू: "आय अ‍ॅम गोइंग टू रत्नागिरी टुमॉरो." वेळापत्रक असेल तर साधा: "द बस लीव्ह्ज अ‍ॅट सिक्स टुमॉरो मॉर्निंग." आणि मदत देऊ करत असाल तर वर्तमानकाळ नाहीच. पाहुण्यांची बॅग बघून "द्या, मी घेतो" च्या जागी "आय टेक युअर बॅग" म्हटलं तर पाहुणा दचकेल. "आय विल टेक युअर बॅग." "आलोच" म्हणताना आपण अजून जागचे हललेलोही नसतो, इंग्रजीत "आय अ‍ॅम कमिंग."

घरगुती निवास चालवणाऱ्या ताई-काकूंना किती शिकवायचं?

साधा वर्तमानकाळ भरपूर, चालू बेताचा, बाकी राहू दे. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी २००० साली आलं. त्याआधी शाळेत गेलेल्यांची एबीसीडी पाचवीत सुरू झाली, आणि भीती अजून तशीच आहे. त्यांना लागतं ते रोजचं: "वुई सर्व्ह ब्रेकफास्ट अ‍ॅट एट." "द वॉटर कम्स इन द मॉर्निंग." "वुई डोन्ट अलाउ स्मोकिंग." चालू काळासाठी एक वाक्य फार उपयोगी पडतं: "वुई कुक फिश एव्हरी डे, बट टुडे वुई आर कुकिंग व्हेज." संकष्टीच्या दिवशी सुरमई मागणाऱ्या पाहुण्याला हे सांगावंच लागतं. त्याच्या जोडीला श्रावणभराचं "धिस मंथ वुई आर नॉट ईटिंग फिश" घेतलं की "सध्या" चा अर्थ वेगळा सांगायला नको.

कॉमेंट्रीत सगळं आत्ता घडत असतं, तरी "ही बोल्स, ही हिट्स" का म्हणतात?

चेंडू टाकला आणि मारला, तेवढ्यात संपलं. "इज हिटिंग" म्हणेपर्यंत चेंडू सीमेपार. अशा झटपट पूर्ण होणाऱ्या घटनांना साधा. पण षटकांच्या मध्ये तोच कॉमेंटेटर "ही इज बोलिंग वेल टुडे" म्हणतो.

परीक्षेसाठी खुणेचे शब्द पाठ करून घ्यावेत का? "नाऊ" आला की चालू, "एव्हरी डे" आला की साधा?

रिकाम्या जागा भरायला उपयोग होतो, म्हणून करून घ्या. फक्त दोन सापळे दाखवून ठेवा. "आय अंडरस्टँड नाऊ" मध्ये नाऊ असूनही साधा, कारण अंडरस्टँड ला "आयएनजी" लागत नाही. आणि "ऑलवेज" दिसला की साधाच असं नाही. "तो सारखा बोलत असतो" या कुरकुरीला इंग्रजीत "ही इज ऑलवेज टॉकिंग" म्हणतात, तक्रार नसेल, नुसती सवय सांगायची असेल, तर "ही ऑलवेज कम्स ऑन टाइम." पेपर तपासणाऱ्यानं एकच उत्तर छापील धरलं असेल तर वाद घालून उपयोग नाही. पोरांना बरोबर काय ते सांगा आणि परीक्षेत काय लिहायचं तेही सांगा.